पोलादाची काळी साय : अत्युष्ण जलातील संरक्षक पटलाच्या ज्ञानाचा इतिहास

१. प्रास्ताविक

प्रस्तुत निबंधाचा विषय रसायनशास्त्राच्या प्रांतातील आहे, आणि तो भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने हाती घ्यावा ह्याचे काही वाचकांस नवल वाटण्याचा संभव आहे. परंतु कोणत्याही शास्त्राचा इतिहास हा अंशतः त्या शास्त्राने वापरलेल्या शब्दांचा इतिहास असतो. एखाद्या घटनेस आपण कोणते नाव देतो ह्यावर, त्या घटनेत आपण कशाचा शोध घेणार आणि कशाकडे दुर्लक्ष करणार हे पुष्कळ अंशी ठरून जाते. पोलाद आणि अत्युष्ण जल ह्यांच्या संबंधाविषयीचे ज्ञान गेल्या सुमारे अडीचशे वर्षांत कसे वाढत गेले, ह्याचा मागोवा घेताना ह्या गोष्टीचा प्रत्यय वारंवार येतो.

मूळ प्रश्न असा आहे. वीजकेंद्रांतील बाष्पके, त्यांना पाणी पुरविणाऱ्या नळ्या आणि कित्येक अणुभट्ट्यांतील जलवाहिन्या साध्या कार्बनी पोलादाच्या असतात. त्यांतील पाणी प्रचंड दाबाखाली ठेवलेले असल्यामुळे २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमानासही द्रवरूपात राहू शकते. अशा पाण्याच्या संगतीत लोखंडाने लोखंड म्हणून टिकावे असे रसायनशास्त्राच्या नियमांत कोठेही म्हटलेले नाही. पाण्यातील ऑक्सिजन घेऊन त्याने ऑक्साइड व्हावे आणि हायड्रोजन मोकळा करावा, हाच त्या दोहोंचा स्वाभाविक कल आहे. तरीही काही मिलिमीटर जाडीच्या नळ्या तीस-चाळीस वर्षे काम देतात. लोखंड गंजत नाही हे ह्याचे कारण नव्हे. ते एका विशिष्ट रीतीने गंजते, आणि त्या गंजण्यातून निर्माण झालेला काळा पापुद्राच पुढील गंजण्याच्या आड येतो, हे त्याचे कारण होय.

हे सत्य ध्यानात येण्यास बराच काळ लागला. ते ध्यानात आल्यावरही, तो पापुद्रा म्हणजे एकदा चढविले की काम संपले असे कवच आहे, ही समजूत दीर्घकाळ टिकून राहिली. वस्तुतः तो सतत घडणारा व सतत विरघळणारा पदार्थ आहे. ह्या दोन कल्पनांतील अंतर केवळ शाब्दिक नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व एकविसाव्याच्या प्रारंभी ह्याच अंतराची किंमत काही कामगारांना प्राणांनी द्यावी लागली.

२. तांबडा गंज आणि काळा गंज

भाषेच्या साक्षीपासून प्रारंभ करू. लोखंडाच्या विकाराचे जे रूप मानवास प्रथम परिचित झाले ते तांबूस होते. इंग्रजीतील 'रस्ट' हा गंजवाचक शब्द आणि 'रेड' हा रंगवाचक शब्द एकाच मूळ धातूपासून निघाले आहेत, आणि संस्कृतातील 'रुधिर', 'रोहित' व 'लोहित' हे शब्द त्याच कुळातले आहेत. स्वतः 'लोह' हा शब्दही मूळचा ह्याच कुळातील असून त्याचा जुना अर्थ तांबडा धातू, म्हणजे तांबे, असा होता. लोखंड हा अर्थ त्यास पुढे प्राप्त झाला. अथर्ववेदकाळी लोखंडाचा निर्देश 'श्याम' ह्या विशेषणाने होत असे आणि 'लोहित' हे तांब्याकरिता राखलेले होते. म्हणजे एका भाषेत जो रंग गंजाचे नाव झाला, तोच दुसऱ्या भाषेत, वळणावळणाने का होईना, गंजणाऱ्या धातूचे नाव झाला. मराठीत गव्हावर पडणाऱ्या रोगास शेतकरी 'तांबेरा' म्हणतो, त्यातही हाच रंग आहे.

तांबड्या गंजाविषयी लोकांचा अनुभव एकच होता : तो सच्छिद्र असतो, झडतो, आणि त्याच्याखाली लोखंड खात जाते. अशा अनुभवातून 'गंज' ह्या शब्दास जो अर्थ चिकटला तो सर्वस्वी नाशाचा होता. 'बुद्धी गंजली', 'हात गंजले' असे आपण म्हणतो तेव्हा तोच अर्थ अभिप्रेत असतो. शब्दाचे व्याकरणही पाहण्यासारखे आहे. 'लोखंडाला गंज चढला', 'लोखंडाला गंज लागला' ह्या वाक्यांत गंज हा कर्ता आहे आणि लोखंड चतुर्थीत आहे. जणू गंज ही बाहेरून येऊन बसणारी वस्तू आहे आणि लोखंडास तो केवळ सोसावयाचा आहे. लोखंडाचा काही अंशच गंज बनतो ही गोष्ट ह्या वाक्यरचनेत झाकून जाते.

काळा गंजही लोकांच्या डोळ्यांसमोर होताच. लोहाराने लाल तापलेल्या लोखंडावर घण घालताच ज्या काळ्या खपल्या उडतात, त्या लोखंडाच्या ऑक्साइडांच्याच असतात. परंतु त्यांस कोणी गंज म्हटले नाही, आणि त्या लोखंडाचे रक्षण करू शकतील असे तर कोणाच्या मनातही आले नाही.

शास्त्राच्या इतिहासात ह्या काळ्या ऑक्साइडाचा प्रवेश वेगळ्याच निमित्ताने झाला. १७८३–८४ मध्ये लाव्हाझिए आणि म्यूनिए ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनी बंदुकीची लोखंडी नळी लाल होईपर्यंत तापवून तिच्यातून पाण्याची वाफ सोडली. नळीच्या दुसऱ्या टोकाने ज्वालाग्राही वायू, म्हणजे हायड्रोजन, बाहेर पडला आणि नळीच्या आतील पृष्ठभागावर काळा ऑक्साइड जमला. पाणी हे मूलद्रव्य नसून संयुग आहे हे सिद्ध करणे हा त्या प्रयोगाचा उद्देश होता, आणि तो सफल झाला. त्यात लोखंडाची भूमिका केवळ साधनाची होती. परंतु आज मागे वळून पाहिले असता असे म्हणावयास हरकत नाही की बाष्पकात जी क्रिया वर्षानुवर्षे मंदगतीने चालते, तीच लाव्हाझिएने अतितप्त नळीत काही तासांत घडवून आणली होती. तो काळा पदार्थ म्हणजे मॅग्नेटाइट होय. निसर्गात हाच पदार्थ लोहचुंबकाचा दगड म्हणून सापडतो. संस्कृतात त्यास 'अयस्कान्त', म्हणजे लोहास प्रिय असलेला, असे अर्थपूर्ण नाव आहे.

३. 'निष्क्रिय' ह्या शब्दाचा जन्म

ह्या इतिहासाचा दुसरा धागा पाण्यातून नव्हे तर अम्लातून निघतो. १७९० मध्ये जेम्स कीर ह्या ब्रिटिश रसायनज्ञाने असे नमूद केले की तीव्र नायट्रिक अम्लात बुडविलेले लोखंड विरघळत नाही, एवढेच नव्हे तर एकदा असे बुडवून काढल्यावर एरवी त्यास सहज खाणारी द्रावणेही त्याजवर परिणाम करीत नाहीत. लोखंड दिसावयास पूर्वीसारखेच चकचकीत असते, परंतु त्याचा स्वभाव मात्र बदललेला असतो. १८३६ मध्ये बाझेल येथील प्राध्यापक शोनबाइन ह्यांनी ह्या घटनेचा पुन्हा अभ्यास केला आणि फॅरडे ह्यांस त्याविषयी पत्र लिहिले. लोखंडाच्या ह्या अवस्थेस 'पॅसिव्ह' हे विशेषण ह्याच चर्चेत रूढ झाले.

फॅरडे ह्यांनी ह्यावर दिलेले स्पष्टीकरण पुढील शतकाची दिशा ठरविणारे होते. लोखंडाचा पृष्ठभाग ऑक्साइडयुक्त झालेला असावा, किंवा पृष्ठभागावरील कण ऑक्सिजनशी अशा संबंधात असावेत की त्याचा परिणाम ऑक्साइडाइतकाच व्हावा, असे त्यांचे मत होते. परंतु पापुद्रा डोळ्यांस दिसत नव्हता, आणि न दिसणाऱ्या पापुद्र्यावर विश्वास ठेवावा की नाही ह्यावर रसायनज्ञांत सुमारे नव्वद वर्षे वाद चालू राहिला. १९२७ मध्ये केंब्रिज येथील यू. आर. एव्हान्स ह्यांनी खालचा धातू काढून टाकून वरचा पारदर्शक पापुद्रा अलग करून दाखविला, तेव्हा त्या वादाचे पारडे निश्चितपणे एका बाजूस झुकले.

येथे शब्दाकडे पुन्हा वळणे अवश्य आहे. 'पॅसिव्ह' हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा अर्थ 'सोसणे' असा आहे, आणि व्याकरणात ज्यास आपण कर्मणी प्रयोग म्हणतो त्याकरिताही इंग्रजीत हाच शब्द आहे. मराठी व हिंदी शास्त्रीय परिभाषेत त्याकरिता 'निष्क्रिय' हा शब्द योजिला जातो. 'निष्क्रिय' म्हणजे ज्यात क्रिया नाही ते. परंतु 'निष्क्रिय' लोखंडात क्रिया नसते असे नव्हे. तिचा वेग इतका मंद झालेला असतो की ती आपल्या नजरेत भरत नाही. मूळ शब्दाने क्रियेच्या मंदत्वावर पांघरूण घातले होते, भाषांतराने ती क्रिया पार नाहीशी केली. सामान्य तापमानाच्या पाण्याविषयी बोलताना ह्या चुकीने फारसे बिघडत नाही. तापमान वाढले की मंद क्रियाही वेगवान होते, आणि मग शब्दातील उणीव नळीच्या भिंतीत प्रकट होते.

४. बाष्पकाचे पाणी

काळ्या ऑक्साइडाचा संरक्षक म्हणून हेतुपुरस्सर उपयोग करण्याचा पहिला मोठा प्रयत्न १८७० च्या दशकात इंग्लंडात झाला. प्राध्यापक बार्फ ह्यांनी लोखंडी वस्तू अतितप्त वाफेत ठेवून त्यांजवर मॅग्नेटाइटचा थर आणण्याची पद्धती प्रचारात आणली. पुढे बाउअर ह्यांच्या तत्सम पद्धतीशी तिची सांगड घातली गेली आणि ती बाउअर-बार्फ पद्धती म्हणून ओळखली जाऊ लागली. म्हणजे गंजाने गंजास आवर घालता येतो ही गोष्ट कारखानदारांस तेव्हाच माहीत झाली होती. परंतु त्यांच्या दृष्टीने तो एक मुलामा होता. कल्हईवाला भांड्यास कल्हई करतो, तसे हे काम एकदा करून वस्तू गिऱ्हाइकाच्या हवाली करावयाची होती.

बाष्पकात स्थिती निराळी असते. तेथे थर देणारा कोणी नसतो. पाणी आणि पोलाद ह्यांच्यातच तो घडतो, आणि पाण्याच्या गुणावर त्याचे भवितव्य अवलंबून असते. ह्या पाण्याविषयीचे ज्ञान अपघातांतून वाढले. रिव्हेटांनी जोडलेल्या जुन्या बाष्पकांच्या सांध्यांत बारीक भेगा पडून ती फुटत. १९१७ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील पार ह्यांनी दाखवून दिले की अशा भेगांचा संबंध सोडियम हायड्रॉक्साइड ह्या दाहक अल्कलीशी आहे. सांध्याच्या फटीत पाणी झिरपून त्याची वाफ होते, अल्कली मात्र मागे राहून तिची तीव्रता वाढत जाते, आणि त्या तीव्र द्रावणात पोलाद ठिसूळ असल्याप्रमाणे तडकते.

तथापि अल्कली ही सर्वथा शत्रू नव्हे. १९३० मध्ये बेर्ल आणि फान टाक ह्या जर्मन संशोधकांनी सुमारे ३१० अंश तापमानाच्या पाण्यात पोलाद किती गंजते ह्याची मापने प्रसिद्ध केली, आणि पुढे पार्ट्रिज व हॉल ह्या अमेरिकी संशोधकांनी ती आलेखरूपाने मांडली. त्या आलेखाचा आकार दरीसारखा आहे. पाणी आम्ल असता गंजणे जोरात होते, बेताचे अल्कलीयुक्त असता ते अत्यल्प होते, आणि अल्कली फार वाढली की पुन्हा वाढते. कारण असे की अम्ल आणि तीव्र अल्कली ही दोन्ही मॅग्नेटाइटला विरघळवितात, आणि मधल्या अरुंद पट्ट्यात मात्र तो सर्वांत कमी विरघळतो. आधुनिक परिभाषेतील 'संक्षारण' ह्या शब्दात वाचकास सहजच 'क्षार' दिसतो. बाष्पकात मात्र बेताने घातलेली अल्कलीच संक्षारणास आळा घालते, हा योगायोग परिभाषाकारांनी लक्षात ठेवावा असा आहे.

ह्याच सुमारास जर्मनीत शिकोर ह्यांनी हवाविरहित पाण्यातील लोखंडाचा अभ्यास केला. तेथे प्रथम फेरस हायड्रॉक्साइड बनते आणि ते पुढे विघटित होऊन मॅग्नेटाइट, हायड्रोजन व पाणी ही निर्माण होतात, असे त्यांनी दाखविले. आज ही क्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तापमान वाढत गेले की ती वेगाने घडते. म्हणूनच थंड पाण्यात तांबडा गंज आणि हवाविरहित तप्त पाण्यात काळा पापुद्रा असा भेद दिसतो. ह्यातून एक निष्कर्ष निघाला आणि अभियंत्यांच्या मनावर तो कोरला गेला : पाण्यातून ऑक्सिजन काढून टाकावा आणि अल्कलीचे प्रमाण मधल्या पट्ट्यात राखावे, म्हणजे पोलाद आपले रक्षण आपणच करते.

क्रिया चालूच असते ह्याचा पुरावाही हायड्रोजननेच दिला. १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधनशाळेत ब्लूम व त्यांचे सहकारी ह्यांनी पोलादाच्या बंद कुप्यांत पाणी भरून त्या तापविल्या. आत मोकळा होणारा हायड्रोजन पोलादाच्या भिंतीतून पाझरून बाहेर येतो. तो मोजला की आत किती लोखंड ऑक्साइडात रूपांतरित होत आहे हे कुपी न फोडता कळते. हायड्रोजनाचा वेग दिवसेंदिवस उतरत गेला, म्हणजे पापुद्रा जाड होईल तसतशी त्याची वाढ मंदावत गेली. मंदावली, परंतु थांबली नाही.

५. दोन थरांचा उलगडा

पापुद्रा वाढतो कोठे, धातूच्या बाजूने की पाण्याच्या बाजूने, हा पुढील प्रश्न होता. त्याचे उत्तर समजण्यास एक साधा हिशोब उपयोगी पडतो. १९२३ मध्ये पिलिंग आणि बेडवर्थ ह्यांनी असे सुचविले होते की धातूचा ऑक्साइड संरक्षक ठरेल की नाही हे त्या दोहोंच्या आकारमानांच्या गुणोत्तरावरून अजमावता येईल. एक घनसेंटिमीटर लोखंडाचे मॅग्नेटाइट झाले की त्यास सुमारे २.१ घनसेंटिमीटर जागा लागते. म्हणजे लोखंड जितकी जागा रिकामी करते तीत नव्या ऑक्साइडाचा जेमतेम अर्धा भाग मावतो. उरलेल्या अर्ध्याचे काय होते?

१९६१ मध्ये लंडन येथे धातूंच्या संक्षारणावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीत पॉटर आणि मान ह्या ब्रिटिश संशोधकांनी तप्त जलीय द्रावणांतील सौम्य पोलादावर वाढलेल्या मॅग्नेटाइटचे जे वर्णन केले त्यात हे उत्तर होते. हा पापुद्रा एकसंध नसून दुहेरी असतो. आतला थर सूक्ष्मकणी असतो आणि नाहीशा झालेल्या धातूची जागा तो तंतोतंत भरून काढतो. धातूचा मूळ पृष्ठभाग जेथे होता, तेथेच ह्या थराची बाहेरची सीमा असते. बाहेरचा थर त्या सीमेपलीकडे, पाण्याच्या बाजूस, मोठ्या सुट्या स्फटिकांचा बनलेला असतो. जे अर्धे लोह आत मावत नाही ते विरघळून बाहेर येते आणि तेथे स्फटिकरूपाने बसते. पुढे १९६६ मध्ये कासल व त्यांचे सहकारी ह्यांनी आतील थरातील सूक्ष्म छिद्रांतून पाणी धातूपर्यंत आणि लोह पाण्यापर्यंत कसे ये-जा करीत असावे ह्याची मीमांसा केली.

ह्या शोधाचे महत्त्व केवळ सूक्ष्मदर्शकापुरते नाही. बाहेरून लावलेला लेप आणि अंगातून उपजलेले आवरण ह्यांतील भेद त्याने स्पष्ट केला. मराठीत ह्या दोन जातींच्या आवरणांकरिता निरनिराळे शब्द पूर्वीपासून आहेत. लेप, मुलामा, कल्हई, रोगण ही बाहेरून येतात. साय दुधातून येते आणि खपली जखमेच्या अंगातूनच धरते. उष्ण पाण्यातील मॅग्नेटाइट ह्या दुसऱ्या जातीचा आहे. तो धातूच्या खर्चाने वाढतो. साय काढली तर दूध पुन्हा साय धरते, परंतु दर वेळी दुधातून काहीतरी वजा होते. खपलीचेही तसेच आहे. ती निघाली की पुन्हा धरते, पण वारंवार निघत राहिली तर जखम खोल होत जाते.

हा भेद ध्यानात ठेवला असता पुढील प्रकरण समजण्यास अडचण पडणार नाही.

६. नावातील चूक आणि तिची किंमत

बाहेरच्या थराचे स्फटिक टिकतात ते भोवतालचे पाणी विरघळलेल्या लोहाने संपृक्त असेल तोवरच. पाणी वेगाने वाहत असेल आणि सतत नवे, लोहविरहित पाणी येत असेल, तर विरघळलेले लोह तेथे साचत नाही, वाहून जाते. मग पापुद्रा बाहेरून विरघळत राहतो आणि तो भरून काढण्याकरिता आतून धातू ऑक्साइड होत राहतो. पापुद्रा नेहमीच दिसतो, काळा आणि निरोगी, परंतु त्याच्यामागची भिंत पातळ होत जाते. १९७० मध्ये अमेरिकेतील ओक रिज येथील स्वीटन आणि बेज ह्यांनी उच्च तापमानास मॅग्नेटाइट किती विरघळतो ह्याची मापने प्रसिद्ध केली. ह्या व अशाच अन्य मापनांवरून दिसून आले की वीजकेंद्रांच्या ऑक्सिजनविरहित व किंचित अल्कलीयुक्त पाण्यात ही विद्राव्यता सुमारे १५० अंशांच्या आसपास सर्वाधिक असते. म्हणजे बाष्पकापेक्षा बाष्पकाकडे जाणाऱ्या, तुलनेने 'थंड' नळ्यांसच अधिक धोका होता.

ह्या विकारास दीर्घकाळ जे इंग्रजी नाव होते त्याचा अर्थ 'घर्षण-संक्षारण' असा होतो. पाण्याचा लोंढा पापुद्रा खरवडून काढतो आणि उघडा पडलेला धातू गंजतो, असे चित्र त्या नावामागे होते. नाव असे असल्यावर उपायही तसेच सुचणार : प्रवाहात थेंब वा कण आहेत का ते पाहावे, वाफ आणि पाणी जेथे मिसळलेले आहेत तेथे लक्ष ठेवावे. निखळ द्रवरूप, स्वच्छ, रसायनदृष्ट्या उत्तम राखलेले पाणी ज्या नळीतून जाते तीत खरवडण्याजोगे काहीच नसल्यामुळे तिच्याविषयी काळजीचे कारण दिसत नव्हते.

९ डिसेंबर १९८६ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील सरी अणुवीजकेंद्राच्या दुसऱ्या संचात पुरवठ्याच्या पाण्याची १८ इंच व्यासाची नळी वळणावर फुटली. तीत स्वच्छ द्रवरूप पाणीच होते, आणि त्याचे तापमान सुमारे १९० अंश होते. अर्ध्या इंच जाडीची भिंत आतून झिजून काही ठिकाणी फारच थोडी उरली होती. बाहेर पडलेल्या पाण्याची क्षणार्धात वाफ झाली, आठ कामगार भाजले आणि त्यांपैकी चौघांचा मृत्यू झाला. किरणोत्सर्गाचा ह्या मृत्यूंशी काही संबंध नव्हता. ते गरम पाण्याने झालेले मृत्यू होते.

ह्या घटनेनंतर अमेरिकेत नळ्यांच्या जाडीच्या तपासणीचे कार्यक्रम आखण्यात आले आणि १९९० च्या दशकात जुने नाव मागे पडून 'प्रवाह-त्वरित संक्षारण' ह्या अर्थाचे नाव रूढ झाले. नावातून घर्षण गेले आणि संक्षारण हे मुख्य पद झाले. प्रवाह खरवडत नाही, तो विरघळलेले वाहून नेतो आणि त्यायोगे संक्षारणास गती देतो, हे त्यातून सूचित होते. उपायही त्याप्रमाणे बदलले. पृष्ठभाग कठीण करण्यापेक्षा पापुद्र्याची विद्राव्यता कमी करावयास हवी. पोलादात थोडेसे क्रोमियम असेल तर ते पापुद्र्यात साठते आणि त्याचे विरघळणे मोठ्या प्रमाणात रोखते. पाण्याची अल्कलीयुक्तता थोडी वाढविली तरी फरक पडतो. शिवाय पश्चिम जर्मनीतील वीजकेंद्रांत १९७० च्या दशकापासून एक विरोधाभासात्मक उपाय रुळत होता : ज्या ऑक्सिजनला अभियंते पन्नास वर्षे पाण्यातून हद्दपार करीत आले, तोच अत्यंत शुद्ध पाण्यात अल्प प्रमाणात पुन्हा सोडावयाचा. त्यायोगे मॅग्नेटाइटच्या छिद्रांत व पृष्ठावर लोहाची आणखी कमी विरघळणारी तांबूस ऑक्साइडे बसतात आणि थर घट्ट होतो. तांबडा गंज असा शेवटी काळ्याच्या साहाय्यास आला.

तथापि ज्ञान झाले म्हणजे ते सर्वत्र पोचते असे नाही. ९ ऑगस्ट २००४ रोजी जपानमधील फुकुई प्रांतातील मिहामा केंद्राच्या तिसऱ्या संचात सुमारे १४० अंश तापमानाचे पाणी नेणारी ५६० मिलिमीटर व्यासाची नळी, प्रवाह मोजण्याकरिता बसविलेल्या छिद्रपट्टीच्या पुढील बाजूस फुटली. मूळची १० मिलिमीटर जाडीची भिंत तेथे दीड मिलिमीटरपेक्षाही पातळ झाली होती. हा संच १९७६ पासून चालू होता. म्हणजे झीज वर्षाला सरासरीने सुमारे तीन दशांश मिलिमीटर होती, आणि अशी झीज एका वर्षात कोणाच्याही डोळ्यांत भरत नाही. ती जागा तपासणीच्या यादीतून सुटलेली होती आणि अठ्ठावीस वर्षांत तिची जाडी एकदाही मोजली गेली नव्हती. आगामी तपासणीच्या तयारीकरिता त्या इमारतीत आलेल्या कामगारांपैकी पाच जण मृत्यू पावले आणि सहा जखमी झाले.

७. आपल्याकडील संदर्भ आणि समारोप

हा इतिहास परदेशात घडला असला तरी त्याचा विषय आपल्यापासून दूर नाही. महाराष्ट्रातील कोराडी वा चंद्रपूर येथील औष्णिक केंद्रांची बाष्पके ह्याच काळ्या पापुद्र्याच्या आधाराने चालतात. तारापूर येथे १९६९ मध्ये उत्कलन-जल पद्धतीच्या दोन अणुभट्ट्यांनी वीजनिर्मिती सुरू केली, आणि २००५–०६ मध्ये तेथेच जड पाण्याच्या दाबयुक्त पद्धतीच्या दोन मोठ्या भट्ट्या कार्यान्वित झाल्या. ह्या दुसऱ्या जातीच्या भट्ट्यांत मुख्य जलमार्गातील पुष्कळ नळ्या कार्बनी पोलादाच्या असतात. म्हणून अशी भट्टी सुरू करण्यापूर्वी तिच्या नळ्यांतून लिथियम हायड्रॉक्साइड घातलेले, ऑक्सिजनविरहित तप्त पाणी कित्येक दिवस फिरवितात, आणि त्यास लागणारी उष्णता पंपांच्या फिरण्यातूनच मिळते. हेतू हा की इंधनाची उष्णता येण्यापूर्वीच सर्व नळ्यांनी आतून मॅग्नेटाइटची घट्ट साय धरावी. बार्फ ह्यांच्या पद्धतीचीच ही सुधारलेली आवृत्ती होय.

परंतु ही साय धरविली म्हणजे काम संपले असे होत नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यात कॅनडातील पॉइंट लेप्रो येथील ह्याच जातीच्या भट्टीत असे आढळले की इंधनाजवळून निघणाऱ्या, ३०० अंशांहून अधिक तप्त अशा नळ्या वळणांवर अपेक्षेपेक्षा वेगाने पातळ होत आहेत. तेथील अल्कलीयुक्त पाण्यात तापमानाबरोबर मॅग्नेटाइटची विद्राव्यता वाढते. त्यामुळे इंधनाजवळ तापून बाहेर पडणारे पाणी लोहाविषयी असंपृक्त, जणू भुकेले असते, आणि ते पहिल्याच वळणावर आपली भूक भागविते. पुढील भट्ट्यांकरिता पोलादात क्रोमियमचे किमान प्रमाण ठरविण्याची प्रथा त्यानंतर पडली. ते प्रमाण शेकडा दोन-तीन दशांशांच्या आसपास आहे, आणि एवढ्यानेही झीज पुष्कळ घटते.

ह्या सर्व विवेचनाचा इत्यर्थ असा. शोनबाइन-फॅरडेंच्या काळी प्रश्न असा होता की पापुद्रा आहे की नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास तो कोठे व कसा वाढतो असा झाला. आणि अखेरीस तो घडण्याचा वेग व विरघळण्याचा वेग ह्यांचा मेळ कसा राखावयाचा, असा झाला. प्रश्नाचे रूप नामाकडून क्रियापदाकडे सरकत गेले असे भाषेच्या परिभाषेत म्हणता येईल. 'संरक्षक कवच', 'निष्क्रिय पृष्ठभाग' ही नामे सोयीची आहेत. परंतु ती वाचणाऱ्याच्या मनात एक स्थिर वस्तू उभी करतात, आणि स्थिर वस्तूची जाडी दर काही वर्षांनी मोजावी असे सहसा कोणास वाटत नाही.

मराठीत ह्या विषयावर जे लेखन होईल, विशेषतः वीजकेंद्रांतील तंत्रज्ञांकरिता आणि तंत्रनिकेतनांतील विद्यार्थ्यांकरिता, त्यात ह्या गोष्टीचे भान ठेवले जावे अशी ह्या लेखकाची सूचना आहे. 'निष्क्रिय' ऐवजी 'मंदक्रिय' म्हटल्याने परिभाषेचे काही बिघडणार नाही, आणि 'लेप' ऐवजी 'साय' म्हटल्याने शास्त्राची प्रतिष्ठाही उणावणार नाही. साय धरते ती कशातून, आणि ती निघत राहिली तर उणे काय होते, हे मराठी घरातील कोणासही समजावून सांगावे लागत नाही. नळीपाशी उभ्या असलेल्या कामगारास तेवढे समजले, तर ती नळी आज किती जाड आहे, हा प्रश्न तो आपण होऊन विचारील.